कणभौतिकीतल्या सिद्धांतकाराच्या सायटेशन्स कशा वाचाव्यात

नेमणूक किंवा बढतीच्या समितीपुढे सैद्धांतिक कणभौतिकीतल्या संशोधकाची फाइल आली की पहिली नजर सायटेशन्सवरून (त्याच्या पेपरांना दिल्या गेलेल्या संदर्भांवरून) काढलेल्या एच-इंडेक्सवर जाते. तो आकडा खरं तर सगळ्यात शेवटी पाहायचा.

सगळी माहिती इन्स्पायर या कणभौतिकीच्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवरूनच घ्या. सर्न, डेझी, फर्मिलॅब, स्लॅक अशा प्रयोगशाळा मिळून ही सूची चालवतात आणि अर्काइव्हवरचा (छपाईपूर्व पेपर खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावरचा) पेपर छापून येण्याआधीच त्याच्या सायटेशन्स ती मोजू लागते. गूगल स्कॉलर प्रबंधही मोजतं, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठा दिसतो. एका उमेदवाराचा आकडा इथून आणि दुसऱ्याचा तिथून घेतला तर ती तुलनाच नव्हे.

आधी माणूस नक्की करा. पुण्यात जन्मलेल्या कणभौतिकीतल्या सिद्धांतकार रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांचं उदाहरण घेऊ. नुसतं आडनाव टाकलं तर इतर गोडबोल्यांचे पेपरही येतात, आणि पाटील किंवा जोशी असेल तर विचारायलाच नको. म्हणून लेखकाचं स्वतंत्र पान उघडा आणि यादीवरून डोळे फिरवा: संस्था, सालं आणि सहलेखक जुळतात का? पान तुमचं स्वतःचं असेल तर ऑर्किडने (संशोधकाच्या सोळा आकडी ओळख क्रमांकाने) लॉगिन करून ‘माझा’ आणि ‘माझा नाही’ अशी निवड करून टाका.

मग सायटेशन समरी उघडा. तिथे दोन रकाने दिसतात. एकात सायटेशन्स मोजता येण्याजोगे सगळे पेपर असतात, दुसऱ्यात फक्त प्रकाशित झालेले. फाइलमध्ये कोणता रकाना वापरला ते लिहा. स्वतःच्याच पेपरांचे संदर्भ वगळायची खूणही तिथेच आहे. ती लावून आणि काढून असे दोन्ही आकडे टिपा.

सगळ्यात मोठी फसगत लेखकसंख्येमुळे होते. कोलायडरवरचे (कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रांवरचे) अहवाल किंवा कणांच्या गुणधर्मांचा दर दोन वर्षांनी निघणारा आढावा यांवर शंभरावर नावं असतात आणि सायटेशन्स हजारांत जातात. सिद्धांतकाराचं नाव अशा एका अहवालावर असलं तरी एकूण बेरीज फुगते. शोधाच्या बाजूच्या गाळणीत ‘दहा किंवा कमी लेखक’ निवडा आणि समरी पुन्हा पाहा. दोन्ही आकड्यांत मोठी दरी असेल तर गाळणीनंतरचा आकडाच धरा. लेखकांच्या क्रमावरून मात्र काही ठरवू नका. या क्षेत्रात नावं आडनावाच्या रोमन वर्णक्रमाने लावतात, त्यामुळे पहिल्या लेखकाला जादा गुण देणारा अर्ज इथे सरळ अन्याय करतो.

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ साली मांडला: निदान एच सायटेशन्स असलेले एच पेपर असतील, अशी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे एच. तो एकदा हाताने काढून बघा. सायटेशन्स उतरत्या क्रमाने १२०, ६४, ३१, १८, ९, ६, ६, ३ अशा असतील तर सहाव्या पेपरला ६ आहेत, म्हणून तो चालतो. सातव्यालाही ६ च आहेत, म्हणजे सातापेक्षा कमी. एच झाला ६. पहिल्या पेपरच्या १२० च्या १,२०० झाल्या तरी एच ६ च राहतो. एखाद्या पेपरने क्षेत्राची दिशा बदलली असेल, तर ते या आकड्यात दिसत नाही.

म्हणून वरचे तीन-चार पेपर उघडून वर्षवार आलेख पाहा. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांच्या लेप्टॉनांवरच्या (इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांवरच्या) १९६७ च्या पेपरला पहिली चार वर्षं जवळपास कोणी विचारलं नाही. १९७१ मध्ये गेरार्ड ट हूफ्ट यांनी अशा सिद्धांतांचं पुनर्सामान्यीकरण होतं, म्हणजे हिशेबात येणारी अनंत उत्तरं दूर करता येतात, हे दाखवलं आणि मग संदर्भांचा पूर आला. उलट प्रकारही असतो: डिसेंबर २०१५ मध्ये सर्नच्या एलएचसी कोलायडरवर ७५० जीईव्ही (ऊर्जेचं एकक) इतक्या ऊर्जेपाशी फोटॉनजोड्यांचा, नव्या कणाची शक्यता सुचवणारा उंचवटा दिसला, काही महिन्यांत शेकडो पेपर आले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तो उंचवटा विरला. त्या लाटेतल्या सायटेशन्स जोखताना हे ध्यानात ठेवा.

शेवटी संदर्भ देणारे कोण आहेत ते पाहा, कारण खरा प्रभाव तिथेच कळतो. मान्युएल ड्रेस आणि गोडबोले यांनी १९९१ मध्ये इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरबद्दल एक धोका दाखवला. समोरासमोर येणाऱ्या कणांच्या झुबक्यांतून फोटॉन बाहेर पडतात आणि त्या फोटॉनांच्या टकरींतून हॅड्रॉनांची (क्वार्कांपासून बनलेल्या कणांची) नको असलेली गर्दी उडू शकते. अशा पेपरच्या संदर्भयादीत सिद्धांतकारांसोबत यंत्र आणि डिटेक्टर रचणारे दिसतात का, हे शोधायचं असतं. संदर्भ देणाऱ्यांतले वीसेक पेपर उघडा आणि नाव नुसतं रांगेत आलंय की त्या निष्कर्षावर हिशेब उभा आहे ते वाचा. याला तासभर लागतो, पण हा तास वाचवू नका.

खंड किंवा पान चुकीचं छापलं गेलं तर संदर्भ जुळत नाही आणि सायटेशन हरवते. अशी चूक दिसली तर इन्स्पायरला दुरुस्ती कळवा. आकडा रोज बदलतो, म्हणून फाइलमध्ये त्याच्या शेजारी तो पाहिल्याची तारीख घाला.