बोर्डावर खरं तेच ठेवा: सहा जणांच्या टीमचा बॅकलॉग कसा लावायचा

आमची टीम सहा जणांची, माझ्यासकट पाच डेव्हलपर आणि एक टेस्टर. ऑफिस गोव्यात, पर्वरीत. हॉटेलं आणि गेस्ट हाऊससाठी बुकिंगचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. २०२५ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २७ ऑगस्टला होती. निम्मी टीम गावी, कोण वाळपईला, कोण काणकोणला. लोक अजून परतत होते आणि ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला: दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोल्यांवर १२ऐवजी ५ टक्के कर, इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही, अंमल २२ सप्टेंबरपासून. हातात १९ दिवस.

मी बोर्ड उघडला. बोर्ड म्हणजे टीमची कामं टप्प्यांच्या कॉलममध्ये मांडलेली जागा, एका कामाचं एक कार्ड. बॅकलॉगमध्ये, म्हणजे अजून हातात न घेतलेल्या कामांच्या यादीत, ३१२ कार्डं. चालू, रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं) आणि टेस्टिंग मिळून १८. यातलं कुठलं काम थांबवलं तर कोणाचं अडेल, हे मला बोर्डावरून सांगता येईना. कळंगुटहून एका हॉटेलमालकाचा फोन आला, "मॅडम, बावीसपासून बिल कसं काढायचं?" आणि मी त्यांना तारीख देऊ शकले नाही. ते मला फार लागलं. त्या आठवड्यात बोर्ड नव्याने लावला. तो कसा, ते सांगते.

सुरुवात बॅकलॉगपासून करू नका. आधी चालू कामं मोजा, हे तिन्ही कॉलम मिळून. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: चालू कामांची संख्या भागिले आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. आमची आठवड्याला साधारण सहा कार्डं पूर्ण व्हायची. १८ भागिले ६, तीन आठवडे. म्हणजे आज हातात घेतलेलं कार्ड सरासरी २१ दिवसांनी बाहेर पडणार, आणि आमच्याकडे होते १९. कोणी रात्री जागून हे गणित बदलत नाही. चालू कामं निम्मी केली, तर वेग तोच राहूनही दीड आठवडा लागतो.

म्हणून प्रत्येक कॉलमला मर्यादा घातली: चालूमध्ये ४, रिव्ह्यूमध्ये २, टेस्टिंगमध्ये ३. डेव्हलपर पाच असताना चालूमध्ये चारच का, असं टीममध्ये लगेच विचारलं गेलं. कारण पाचव्याने रिव्ह्यू करायचा किंवा टेस्टरला हात द्यायचा. आमच्याकडे कामं कोड लिहिण्यात अडत नव्हती, लिहून झाल्यावर पडून राहत होती. टेस्टिंगच्या कॉलममध्ये आठ कार्डं आणि टेस्टर एकटी. ती बिचारी रोज कोणाचं आधी बघू म्हणून विचारत फिरायची. कानबान ही पद्धत टोयोटात ताइची ओनो यांनी उभी केली, तिचा गाभा हाच आहे: पुढच्या टप्प्यावर जागा झाली की मगच मागून काम ओढायचं. उरलेली नऊ कार्डं आम्ही परत मागे नेली. अर्धवट काम मागे नेताना जिवावर येतं. तरी न्या, आणि कुठवर आलं होतं ते दोन ओळींत कार्डावर लिहा.

सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला, माणसागणिक 'काल काय केलं' विचारणं आम्ही सोडलं. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचतो. जे 'झालं'च्या सर्वांत जवळ आहे ते आधी, आणि प्रश्न एकच: हे आज पुढे सरकायला काय हवं? कार्ड किती टक्के झालं ते विचारू नका, ते किती दिवस त्या कॉलममध्ये आहे ते बघा. 'नव्वद टक्के झालं' असं एक कार्ड आमच्याकडे महिनाभर होतं.

आता कार्ड कसं लिहायचं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. आमचं पहिलं कार्ड होतं 'जीएसटी बदल'. ते कधीच पूर्ण झालं नसतं, कारण त्यात पाच कामं आणि एक प्रश्न कोंबला होता. फोडल्यावर एक कार्ड असं झालं: 'भाडं ७,५०० किंवा कमी, बिल २२ सप्टेंबरपासूनचं, कर ५ टक्के दिसावा.' खाली तपासायची उदाहरणं: ७,५०० रुपयांची खोली, ७,५०१ची खोली, एकाच बिलात दोन्ही. ही उदाहरणं टेस्टरने आधी लिहिली, मग कोड सुरू झाला. आणि प्रश्नाचं कार्ड वेगळं: 'पाहुणा २० तारखेला आला, २४ला गेला, आगाऊ पैसे ऑगस्टमध्ये दिले, कुठला दर?' हे सीएला विचारायचं काम, डेव्हलपरने अंदाजाने सोडवायचं नव्हे. अशा कार्डावर लाल खूण, कोणाच्या उत्तरासाठी थांबलंय आणि कधीपासून, हे दोन्ही लिहा. नुसतं 'ब्लॉक्ड' लिहून कोणी फोन करत नाही.

मग बॅकलॉग. सहा महिने कोणी हात न लावलेलं प्रत्येक कार्ड आम्ही बंद केलं; जिरा या बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वोंट डू' (करणार नाही) म्हणून बंद केलं की शोधून सापडतं, त्यामुळे भीती नको. अपवाद एकच: पैशाचा हिशेब किंवा पाहुण्याची माहिती चुकवणारे बग. ते कितीही जुने असले तरी बंद करायचे नाहीत. ३१२चे ५४ राहिले. बंद केलेल्यांपैकी जे परत मागितलं गेलं ते नवं कार्ड लिहून घेतलं, आणि नवं कार्ड दर वेळी जुन्यापेक्षा स्पष्ट होतं.

या ५४ला नुसते 'हाय', 'मीडियम' असे शिक्के मारू नका. आमची निम्मी कार्डं 'हाय' होती. वरची दहा कार्डं ओळीने लावा, एकाखाली एक. खालच्यांचा क्रम लावण्यात वेळ घालवू नका.

तारखा गोव्याच्या कॅलेंडरवरून धरा. चवथीच्या आठवड्यात निम्मी माणसं आहेत असं समजूनच काम ओढा. डिसेंबरात ३ तारखेचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (चर्चचा उत्सव), १९चा मुक्तिदिन, मग नाताळ. त्याच वेळी आमच्या ग्राहकांची हॉटेलं भरलेली. २० डिसेंबर ते २ जानेवारी आम्ही ग्राहकांसाठी सॉफ्टवेअरमध्ये नवं काही सोडत नाही. बोर्डावर तेवढे दिवस आधीच बंद केलेले असतात, म्हणजे विक्रीवाला माणूस नोव्हेंबरातच विचारायला येतो.

शुक्रवारी साडेतीनला पाऊण तास बॅकलॉगचा. नवीन मागणी घेऊन आलेल्याने वरच्या दहांत जागा मागितली, तर त्या दहांतलं कुठलं कार्ड खाली जाईल ते त्यानेच बोट ठेवून दाखवायचं. आमच्या कंपनीच्या मालकांनाही हाच नियम आहे.