शुगर मेपलचा रस काढून घरी पाक कसा करावा

ऑन्टारियो, क्वेबेक, व्हरमाँट या पट्ट्यात घर असेल आणि अंगणात जाड बुंध्याचा शुगर मेपल असेल, तर फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत त्याचा रस काढून घरीच पाक करता येतो. सामान थोडे लागते, जळण आणि वेळ मात्र भरपूर. उसाच्या रसात 15 ते 20 टक्के साखर असते, मेपलच्या रसात जेमतेम 2 टक्के. त्यामुळे 1 लिटर पाकासाठी साधारण 40 लिटर रस आटवावा लागतो. एका भोकातून अख्ख्या हंगामात मिळतो तोही सुमारे एवढाच.

झाड ओळखणे

हे काम पानगळीआधीच उरकून बुंध्याला फीत बांधून ठेवा. शुगर मेपलच्या पानाला बहुधा 5 पाळ्या असतात, दोन पाळ्यांमधली खाच गोलसर असते आणि कडा दातेरी नसते. नॉर्वे मेपलचे पान फसवते. त्याचा देठ मोडला की पांढरा चीक येतो, शुगर मेपलला येत नाही. हिवाळ्यात ओळखायचेच झाले तर फांद्या समोरासमोर फुटलेल्या आणि डोळे तपकिरी, टोकदार आहेत का ते पाहा. रेड मेपलचे डोळे लालसर आणि बोथट असतात. त्याचाही रस चालतो, पण त्यात साखर कमी असते.

जमिनीपासून 1.4 मीटरवर बुंध्याचा घेर मोजा. तो 95 सेंमीपेक्षा कमी असेल तर झाडाला हात लावू नका. एवढा घेर व्हायला 40 वर्षे सहज लागतात. दीड मीटर घेरापर्यंत एकच भोक, त्याहून जाड आणि निरोगी झाडाला फार तर दोन. शेंडा वाळलेला किंवा रस्त्यावरच्या मिठाने खंगलेला मेपल तसाच सोडा. रसातली साखर म्हणजे झाडाने मागच्या उन्हाळ्यात साठवलेले अन्न, आणि अशक्त झाडाला ते स्वतःलाच पुरत नाही.

भोक पाडणे

रात्री तापमान उणे 5 अंशांच्या आसपास आणि दिवसा अधिक 5 अंशांपर्यंत, असे दिवस लागले की सुरुवात करा. मेपलच्या लाकडातल्या काही तंतूंमध्ये हवा असते. रात्री लाकूड गोठताना ही हवा आक्रसते आणि झाड पाणी वर ओढते. दिवसा बर्फ वितळला की ती फुगून रस बाहेर ढकलते. म्हणूनच सलग थंडीत किंवा सलग उबेत रस थांबतो. महाबळेश्वरला मेपल लावून पाक का मिळणार नाही, तेही यावरून कळते.

8 मिमीच्या स्वच्छ, धारदार ड्रिलने कंबरेच्या उंचीवर, किंचित वरच्या दिशेने 4 ते 5 सेंमी खोल भोक पाडा, म्हणजे रस आपसूक बाहेर वाहील. बाहेर पडणारा भुसा पाहा. तो पांढरट असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी आला तर तिथे रस मिळणार नाही. जुन्या भोकाच्या वर-खाली लाकूड उभ्या पट्ट्यात मेलेले असते, म्हणून नवे भोक आडवे किमान 15 सेंमी सरकवून पाडा. तोटी हातोडीने हलके ठोका आणि आवाज घट्ट झाला की थांबा. जास्त ठोकले तर लाकूड चिरते आणि रस कडेने गळत राहतो.

खाद्यपदार्थांसाठीची, झाकणाची बादली लावा. रस दुधासारखाच नासतो. तो 4 अंशांखाली ठेवा आणि शक्य तितक्या लवकर उकळा. गढूळ झाला तर टाकून द्या.

आटवणे

हे काम बाहेरच करा. लिटरामागे लिटर वाफ निघते. स्वयंपाकघरात केले तर भिंती चिकट होतात. रुंद, उथळ स्टीलच्या भांड्यात रसाची पातळी 3 सेंमीच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर तळ करपतो आणि तो वास पुढे जात नाही. फेस वर आला तर लोण्याचा अगदी छोटा थेंब टाका.

दीड-दोन लिटर उरले की घरात छोट्या पातेल्यात घ्या. इथे नजरेवर विसंबू नका, थर्मामीटर वापरा. त्या दिवशी साधे पाणी किती अंशांवर उकळते ते आधी मोजा. हवेच्या दाबानुसार ते बदलते. पाक त्याच्या 4 अंश वर पोचला की झाला. शेवटचा एक अंश झरझर चढतो, तेव्हा तिथून हलू नका. लवकर उतरवला तर पाक आंबतो किंवा बुरसतो. उशीर झाला तर बाटलीच्या तळाशी खडीसाखर धरते.

गरम असतानाच लोकरीच्या किंवा नमद्याच्या गाळणीतून गाळा, कारण तळाशी बसणारी बारीक वाळू (रसातल्या खनिजांचे कण) पातळ कापडातून निसटते. 85 अंशांवर निर्जंतुक बाटल्यांत भरा आणि झाकण लावून मिनिटभर आडव्या ठेवा. उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवा.

डोळे फुगू लागले की रसाला उग्र वास येतो. त्या दिवशी तोट्या काढा आणि भोक तसेच उघडे सोडा. मेण किंवा रंग लावू नका. निरोगी झाड ते साधारण 1 ते 3 वर्षांत स्वतः बुजवते.