पहिल्यांदा बबल टी पिताय? या चुका टाळा

मी तैवानमधल्या तायचुंगला राहतो, त्यामुळे देशाहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पहिल्याच संध्याकाळी बबल टी, म्हणजे तळाशी चिवट काळ्या गोळ्या असलेला दुधाचा चहा, हवा असतो. तोही 'जिथे शोध लागला त्याच दुकानातला'. आता तायचुंगचं छुन श्वेई थांग आणि ताइनानचं हानलिन, दोघंही १९८०च्या दशकातल्या या शोधाचा मान आपलाच म्हणतात. दहा वर्षं कोर्टात भांडले, तरी २०१९ साली कोर्टाने कोणालाच मूळ मालक ठरवलं नाही. तेव्हा नावासाठी रांगेत ताटकळू नका. गल्लीतल्या गर्दीच्या दुकानात जा. गर्दी असेल तिथे गोळ्या ताज्या असतात.

मागणी देताना नुसती मान डोलावू नका. दुकानदार साखर किती, बर्फ किती ते विचारत असतो. तुम्ही हसून 'ओके' म्हणता आणि पूर्ण साखरेचा ग्लास पदरात पडतो. मी पाहुण्यांना 'वेई थांग' सांगायला लावतो, म्हणजे साधारण तीस टक्के साखर. गोळ्या पाकात मुरलेल्याच असतात, त्यामुळे बिनसाखरेचा घेतला तरी तोंड गोड होतं. बर्फ नको असेल तर साखर आणखी उतरवा, कारण बर्फ वितळून गोडी कमी होते हे धरूनच प्रमाण ठरलेलं असतं.

आता काकांची गोष्ट. मित्राचे काका पुण्याहून आले होते. माझं न ऐकता त्यांनी फोटो बघून तपकिरी ओघळांचा मोठा ग्लास घेतला.

"अरे, यात चहा कुठाय?"

"काका, ते काळ्या साखरेचं दूध आहे. चहा नसतोच त्यात."

बहुतेक ठिकाणी नसतो, आणि त्याची साखरही सहसा कमी करून मिळत नाही. अर्ध्यातच काकांचं पोट भरलं. पण पैसे दिलेत, टाकवेना! ग्लास हॉटेलच्या फ्रिजमध्ये गेला. सकाळी फोन: "फसवलं रे तुझ्या दुकानदाराने, खडू चावल्यासारखं लागतंय." दुकानदार बिचारा काय करणार? शिजलेला स्टार्च गार झाला की आवळून कडक होतो; फ्रिजमधल्या शिळ्या भाताचं होतं तेच. दुकानं शिजवलेल्या गोळ्या चारेक तासांत संपवतात, उरल्या तर फेकतात. म्हणून लहान ग्लास घ्या आणि तिथेच संपवा.

काकांवर ताण केली ती त्यांच्या पुतणसुनेने. इथून नेलेल्या सुक्या गोळ्या तिने खिचडीच्या साबुदाण्यासारख्या रात्रभर भिजत घातल्या. सकाळी पातेल्यात करडा चिखल. दोन्ही कसावा या कंदाच्या पिठाचेच, पण साबुदाणा बनतानाच उष्णतेने अर्धवट शिजतो, म्हणून भिजला तरी दाणा टिकतो. या गोळ्या जवळजवळ कच्च्या असतात आणि गार पाण्यात विरघळतात. भरपूर पाणी खळखळा उकळू द्या, मगच गोळ्या सोडा, वर येईपर्यंत ढवळा. अर्धा तास शिजवा, गॅस बंद करून झाकून तेवढाच वेळ ठेवा, मग धुऊन गुळाच्या पाकात टाका. पाच मिनिटांत होणारी पाकिटंही मिळतात. ज्यांना अर्धा तास दम धरवत नाही त्यांनी खुशाल घ्यावीत, फक्त मला बोलावू नये.

बाकी किरकोळ. ग्लासवरची प्लास्टिकची फिल्म फोडण्याआधी तो हलवा, नाहीतर पाक तळाशी आणि वर नुसता चहा. स्ट्रॉचं वरचं तोंड अंगठ्याने दाबून एकाच झटक्यात खुपसा. भीत भीत टोचलंत तर चहा शर्टावर. गोळ्या गिळू नका, चावा, त्यासाठीच तर त्या आहेत. शाकाहारी असाल तर पुडिंग घालू नका, त्यात अंडं किंवा जिलेटिन असू शकतं. गोळ्यांची काळजी नको. उपासाला चालतो का, ते आपापल्या आईला विचारा. आणि जोरात ओढली की गोळी थेट घशात जाते, म्हणून चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना बिनगोळ्यांचा चहाच द्या, कितीही रडली तरी.