पोट फुगतंय? पाकिटावरचे आकडे वाचा

चॉकलेट दूध, आइस्क्रीम किंवा तयार सॉस खाल्ल्यावर पोट फुगतं, पातळ शौचाला होतं. दरवेळी दोष दुधाचाच असतो असं नाही. घट्टपणासाठी घातलेला गम (डिंकासारखा पदार्थ) हेही कारण असू शकतं.

१. घटकांच्या यादीत ४०७ (कॅराजीनन), ४१२ (ग्वार गम), ४१५ (झँथन गम) शोधा. काही वेळा नाव नसतं, नुसता आकडा असतो.
२. दोन आठवडे हे पदार्थ बंद. बाकी जेवण अजिबात बदलू नका, नाहीतर नेमकं काय बाधतं ते कळणारच नाही.
३. मग एकेक पदार्थ दोन-तीन दिवसांच्या अंतराने सुरू करा, त्रास लिहून ठेवा.

गिळायला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी अन्न-पाणी घट्ट करणारी पावडर दिली असेल, तर तिच्यातही असा गम असू शकतो; पण ती स्वतःहून थांबवू नका. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला अशी पावडर त्यांना विचारल्याशिवाय कधीच देऊ नका.