संत्रा बाहेर देशात पाठवायचाय? सबसिडी नंतर, आधी कागद

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेडकडून एकच विचारणा येते, भाऊ एक्सपोर्टला सबसिडी किती भेटते. सांगतो, पण पहिले बाग नोंदवा.

अपेडा म्हणजे शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारची संस्था, तिची सिट्रसनेट म्हणून ऑनलाइन सिस्टीम आहे, तिच्यात बाग चढवायला तालुका कृषी कार्यालयात जायचं, सातबारा आणि बागेचा नकाशा घेऊन, आणि हे आंबिया बहार (हिवाळा सरताना येणारा फुलोरा) फुटायच्या टायमालाच करा, तोडणीच्या तोंडावर धावपळ करून काही होत नाही. युरोपवाले फळात औषधाचा अंश किती ते लॅबमधून बघतात, म्हणून कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला मारलं हे त्याच दिवशी वहीत लिहा. दुकानदार देईल ते औषध मारू नका, नागपूरला अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथं विचारा.

स्वतःच्या नावानं पाठवायचं असेल तर डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार खातं) साइटवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर काढा, फी 500 रुपये, पॅन आणि बँक खातं लागतं. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करायचा, काहीच बदललं नसलं तरी, नाहीतर बंद पडतो. मग अपेडाचं आरसीएमसी, म्हणजे नोंदणी आणि सभासदत्वाचं सर्टिफिकेट. पण खरं सांगू का, दोन-चार एकरवाल्यानं एकट्यानं याच्यात पडू नये, कंटेनर भरायला माल कुठून आणणार? गावातली शेतकरी उत्पादक कंपनी धरा.

कंपनीला ग्रेडिंग-वॅक्सिंगची लाइन नाहीतर पॅकहाऊस टाकायचं असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटीपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सूट आहे, 7 वर्षांपर्यंत. पणन मंडळाच्या मॅग्नेट प्रकल्पातही संत्रा आहे, तेही विचारून ठेवा.

आता सबसिडी. आपलं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश, त्यांनी 2023 मध्ये आयात शुल्क खूप वाढवलं आणि माल इकडंच पडून भाव बसले, तेव्हा राज्य सरकारनं निम्म्या शुल्काइतकं अनुदान जाहीर केलं. पण असले पैसे निर्यातदाराला मिळतात, अन् बगीचा व्यापाऱ्याला उक्ता (एकरकमी ठरवून) दिला असेल तर शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टमच्या कागदावर, नाव त्याचं असतं. म्हणून सौदा करतानाच अनुदान आलं तर वाटा किती, हे लिहून घ्या, नाहीतर कंपनीच्याच नावानं माल काढा.