एटीव्ही उलटली? मुका मार आधी ओळखा

नागावची वाळू असो की लोणावळ्याचा मातीचा ट्रॅक, मोठी एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर, वाळूत चालवायची हँडलवाली चारचाकी) उलटली की दोन-अडीचशे किलोंचं धूड माणसाच्या अंगावर येतं. चार चाकं असली तरी ती कारसारखी स्थिर नसते; उंचीच्या मानाने लांबी-रुंदी कमी पडते. त्यात एकट्यासाठी बनवलेल्या गाडीवर मागे दुसरा बसला, की चढावर पुढची चाकं उचलतात आणि गाडी चालवणाऱ्यावरच कोसळते. अशा वेळी सगळे वाहणाऱ्या रक्ताकडे धावतात. रक्त थांबवायचंच आहे, पण मुक्या मारात जीव आतल्या आत जाऊ शकतो.

आधी इंजिन बंद करा. माणूस खाली अडकला असेल तर त्याला ओढू नका. तीन-चार जणांनी मिळून गाडी उचला आणि एकाने त्याचं डोकं-मान एका रेषेत धरून ठेवा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून सलग दहा मिनिटं दाबा, मधे उचलून पाहू नका. हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलायचं नाही. ओल्या स्वच्छ कापडाने झाका आणि अवयव आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधा. सायलेन्सरचा चटका वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. १०८ ला फोन करा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून पाणीसुद्धा पाजू नका.

आता पोट. हँडलचं टोक पोटात घुसतं तेव्हा त्वचेवर रुपयाएवढा गोल वण उमटतो, कधी तोही नाही. आत मात्र स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग मणक्यावर चिरडला जातो. लहान मुलांत हे विशेष घडतं, कारण त्यांच्या पोटाचे स्नायू पातळ असतात. मूल उठून खेळायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात. पहिली सोनोग्राफी नॉर्मल आली तरी स्वादुपिंडाची इजा सुटू शकते. म्हणून डॉक्टरांना ‘पडला’ एवढंच न सांगता ‘हँडल पोटात लागलं’ हे स्पष्ट सांगा. त्यावरून सीटी स्कॅन करायचा की काही तासांनी रक्ततपासणी पुन्हा करायची, हे ठरतं. घरी सोडलं तरी दोन दिवस लक्ष ठेवा. वाढती पोटदुखी, कडक पोट, हिरवी उलटी, चक्कर, डाव्या खांद्यात विनाकारण कळ (डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटल्याची ही खूण असू शकते) यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

डोक्याला मार लागला असेल तर पहिले २४ तास कोणीतरी सोबत हवं. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, बडबड किंवा गुंगी, नाका-कानातून पाणी येणं, आकडी यांपैकी काही झालं तर लगेच परत न्या. वेदनेसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन नको. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर ते न विचारता सांगा.

पाय गाडीखाली दबला असेल, तर हाड मोडलेलं नसतानाही स्नायूंत दाब वाढू शकतो. बोट हलकेच ताणल्यावर असह्य कळ, ताठर पोटरी, मुंग्या: ही काही तासांत शस्त्रक्रिया लागणारी अवस्था आहे. प्लास्टरच्या आत दुखणं वाढत गेलं तर गोळी घेऊन झोपू नका, प्लास्टर सैल करून घ्यायला जा. मुक्या मारावर तेल लावून चोळणं आणि पहिल्या दोन दिवसांत शेकणं सूज वाढवतं. हाडवैद्याकडे नेण्याआधी एक्स-रे काढाच.

मनगटाची गोष्ट वेगळीच. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेत भेग दिसेलच असं नाही. मनगट बांधून ठेवा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा. त्या खळग्याखालच्या चिमुकल्या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असतो. दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखतं.

बरगडी मोडली असेल तर छाती घट्ट बांधू नका. वेदनाशामक घेऊन दर तासाला दहा खोल श्वास घ्या, खोकताना उशी छातीशी धरा. कफ साचला तर न्यूमोनिया होतो. वाळू-माती गेलेली जखम दवाखान्यात भरपूर पाण्याने धुऊन घ्या आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्या. टाके साधारणपणे चेहऱ्यावरचे ५ दिवसांनी, हातापायांचे १० ते १४ दिवसांनी काढतात. पाय प्लास्टरमध्ये असताना पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. तडक रुग्णालय गाठा.

प्लीहा किंवा यकृताला इजा झाली असेल तर दुखणं थांबलं म्हणून दुचाकी, धावणं, जड उचलणं सुरू करू नका. सर्जन लेखी परवानगी देईपर्यंत थांबा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि स्कॅनची सीडी प्रत्येक तपासणीला सोबत न्या. आदळलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी पुन्हा वापरू नका, आतलं थर्माकोलसारखं अस्तर एकदाच धक्का झेलतं.