विंडोजची स्वतःची टूल्स वापरताना या चुका टाळा

पीसी स्लो झाला की आपण काय करतो, कुठलातरी फुकटातला क्लीनर डाउनलोड करतो आणि पीसी आणखी स्लो करून ठेवतो. खरंतर लागणारं जवळपास सगळं विंडोजमध्येच असतं, टास्क मॅनेजर, डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट, एमएसकॉन्फिग (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारं टूल) वगैरे. गोची एवढीच की ही टूल्स सांगाल ते मुकाट्याने करतात, "नक्की का?" असं दर वेळी विचारत बसत नाहीत. खालच्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्यात.

एमएसकॉन्फिगमधले ते दोन चौकोन

सगळ्यात मोठा घोळ माझा इथे झाला. विंडोज बटण आणि आर दाबून एमएसकॉन्फिग टाइप केलं, बूट टॅबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडले, तिथे नंबर ऑफ प्रोसेसर्स आणि मॅक्झिमम मेमरी असे दोन चौकोन आहेत आणि दोन्हीवर टिक नसते. कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलेलं की टिक करा, पीसी सुसाट पळेल. साफ खोटं. टिक नसताना विंडोज प्रोसेसरचे सगळे कोअर आणि सगळी रॅम वापरतंच, टिक केली की उलट तुम्ही त्याला मर्यादा घालता. मी मेमरीचा आकडा न बघताच ओके करून टाकलं आणि रिस्टार्टनंतर पीसी उठेचना, मग रिकव्हरी स्क्रीनवरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जाऊन बीसीडीएडिट या बूट सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडने ती सेटिंग काढेपर्यंत माझी रात्र गेली.

त्याच टॅबमध्ये सेफ बूट आहे. ते टिक केलं की एकदाच नाही, दर वेळी पीसी सेफ मोडमध्येच (अगदी गरजेपुरतंच लोड करणारा विंडोजचा मोड) चालू होतो, टिक काढेपर्यंत. वर सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, आणि खरा पासवर्ड कोणाला आठवतोय, त्यामुळे माणूस स्वतःच्याच पीसीबाहेर उभा. एकदाच सेफ मोड हवा असेल तर लॉगिन स्क्रीनवर शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जात रिस्टार्ट द्या आणि मग 4 दाबा. ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, मधेच मागतो तो.

सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्राम) टॅबमध्ये काही बंद करायचं असेल तर खालचं हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस आधी टिक करा, मगच डिसेबल ऑल. उलटं केलंत तर नेटपासून आवाजापर्यंत सगळं गप्प होऊ शकतं. आणि स्टार्टअपचे प्रोग्राम इथे शोधू नका, विंडोज 8 पासून ते टास्क मॅनेजरमध्ये गेलेत.

डिस्क मॅनेजमेंट: इथे घाई केली की डेटा गेला

सी ड्राइव्ह भरला म्हणून डी लहान करून ती जागा सीला जोडायला जातो आणि एक्स्टेंड व्हॉल्यूम राखाडी दिसतं. पीसी बिघडलेला नसतो, मोकळी जागा सीच्या लगेच उजव्या बाजूला चिकटून असावी लागते एवढंच. डी लहान केल्यावर मोकळी जागा डीच्या पलीकडे तयार होते, मधे डी तसाच उभा, कधी रिकव्हरी पार्टिशनही (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग). तेव्हा वैतागून मधलं पार्टिशन उडवू नका, आधी त्यातला डेटा दुसरीकडे कॉपी करा. आणि त्या वैतागात "डायनॅमिक डिस्क करू का" असा मेसेज आला तर लोक येस दाबतात. नका दाबू. परत साधी, म्हणजे बेसिक, करायची तर या टूलमध्ये आधी सगळे व्हॉल्यूम डिलीट करावे लागतात.

जुनी डेटा असलेली हार्ड डिस्क लावली आणि विंडोज म्हणालं इनिशियलाइज करा किंवा फॉरमॅट करा, तर कॅन्सल. आधी केबल बदला, दुसरं पोर्ट, दुसरा पीसी. नवी कोरी डिस्क असेल तर डिस्कची विभागणी नोंदवायच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी निवडा, जुन्या एमबीआरमध्ये साधारण 2 टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.

रजिस्ट्री आणि रिस्टोर

रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, तो बदलायच्या रजिस्ट्री एडिटरमध्ये सेव्ह बटण नाही आणि अनडूही नाही, बदललं की बदललं. जिथे हात घालणार ती की (तिथलं फोल्डर) राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा, दहा सेकंदांचं काम आहे. "विंडोज आपोआप बॅकअप ठेवतं ना" असं कोणी म्हणालं तर ती जुनी गोष्ट, विंडोज 10 च्या 1803 व्हर्जनपासून रेगबॅक फोल्डरमध्ये तो बॅकअप जात नाही, फाइल्स दिसल्या तरी शून्य केबीच्या असतात.

सिस्टिम रिस्टोर हा फोटोंचा बॅकअप नाही, तो सिस्टिम फाइल्स, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), रजिस्ट्री मागे नेतो, डिलीट झालेली वर्ड फाइल आणून देत नाही. शिवाय बऱ्याच पीसीवर तो बंदच असतो आणि हे कळतं नेमकं गरज पडल्यावर. आत्ताच बघून घ्या.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला की लोक थेट नेटवरून मिळेल तो ड्रायव्हर टाकतात. आधी डबल क्लिक करून कोड वाचा. कोड 22 म्हणजे डिव्हाइस फक्त डिसेबल केलंय, कोड 28 म्हणजे ड्रायव्हरच नाही. अपडेटनंतर बिघडलं असेल तर रोल बॅक ड्रायव्हर तिथेच आहे.

इव्हेंट व्ह्यूअरमधले लाल एरर

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजच्या घडामोडींची नोंदवही, उघडलंत की शेकडो लाल-पिवळ्या खुणा दिसतील. घाबरू नका, ठणठणीत पीसीवरही असतात, 10016 नंबरचा डिस्ट्रिब्युटेड कॉम एरर तर मायक्रोसॉफ्टच दुर्लक्ष करा म्हणतं. 41 नंबरचा कर्नेल पॉवर म्हणजे पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, वीज गेली असेल, हँग झाला असेल, कारण तो सांगत नाही. मी आधी रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो, कुठल्या तारखेला काय इन्स्टॉल झालं आणि काय क्रॅश झालं ते एकाच आलेखावर दिसतं. आणि "आम्ही टेक सपोर्टमधून बोलतोय" म्हणत कोणी फोनवर हेच लाल एरर दाखवून पीसीत व्हायरस आहे सांगू लागला, तर फोन ठेवून द्या, तो एरर तुमच्याकडे आहे तसाच त्याच्याकडेही आहे.